खेळांची खतावणी

रॉचेस्टर हे गाव आपल्याला ठाऊक ते कोडॅकमुळे. मी मात्र तिथे गेलो ते ‘स्ट्राँग’ या खेळांच्या संग्रहालयात एका इंजिनियराच्या रोजनिश्या पाहायला! सिड सॅक्सन त्याचे नाव. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात राहणाऱ्या या गृहस्थाने घरात जवळजवळ १८ हजार बैठे खेळ जमवले होते. घर कसले, गोदामच म्हणायचे. त्याच्या पत्नीच्या सोशिकपणाला माझा दुरूनच नमस्कार.

हॉटेलांच्या कंपन्या एकमेकींना गिळतात तो ‘ॲक्वायर’ हा १९६०च्या दशकातला खेळ याच्याच डोक्यातला. पण रोजनिशीत त्याचा डौल मुळीच नाही. आज कुणाचा फोन आला, कुणाला पत्र धाडले, कुठल्या कंपनीने खेळ परत केला, रात्री खेळायला कोण आले, बस्स. शेवटी नावांची सूची, वाण्याच्या खतावणीसारखी चोख. पाने उलटताना वाटते, या माणसाने खेळांपेक्षा माणसेच अधिक जमवली.

२००२ साली तो वारला. संग्रह अखंड राहावा ही त्याची इच्छा होती; पण त्याच साली लिलाव झाला आणि पेट्या दाही दिशांना गेल्या. रोजनिश्या तेवढ्या इथे आल्या.

ग्रंथालयातल्या बाईंनी मला विचारले, “तुमच्याकडची ‘पार्चिसी’ कशी हो खेळतात?” अमेरिकेत १८७४ पासून ते नाव व्यापारी छाप म्हणून नोंदलेले आहे. मी कागदावर सारीपाट काढला, आणि कवड्यांच्या दानातल्या पंचवीसवरून ‘पचीसी’ कशी झाली ते सांगू लागलो. बाईंनी लगेच पेन्सिल उचलली.