रानातून येणारा माणूस

5 मार्च 2025, बुधवार
लेंट सुरू. बारामतीला संध्याकाळची उपासना होती, गेले नाही. आत्याबाईंना एकटं ठेवता येत नाही. हे कारखान्यावर दुसऱ्या पाळीला.

9 मार्च
उपासनेनंतर एक बाई म्हणाल्या, "सासूबाई हा तुमचा क्रूस. धीरानं वाहा." चांगल्या मनानं म्हणाल्या. एसटी काटेवाडी सोडून सणसरला आली तरी डोक्यातून जाईना.
आत्याबाई जेवतात, रुसतात, आवडीची भाजी नसली की ताट सरकवतात. जित्या माणसाला क्रूस म्हणायचं?
क्रूस रोमन सरकारची शिक्षा. गुलामांना, बंडखोरांना. म्हातारपण, लकवा कुणालाही येतो. येशूला तो टाळता आला असता. गेथशेमाने बागेत त्यानं तसं मागितलंही. मग स्वतः पुढं झाला. आपखुशीनं उचलतो तोच क्रूस.

12 मार्च
ऊसतोडीच्या टोळ्या परतीला लागल्या. रस्त्यावर पाचट.

23 मार्च
गुड फ्रायडेला क्रुसावरच्या सात उद्गारांपैकी तिसरा पाळकसाहेबांनी मला बोलायला दिला. येशू आईला शिष्याच्या हवाली करतो, तो. मुद्दाम दिला का?

24 मार्च
योहान, अध्याय 19. शिष्यानं तिला घरी नेलं, एवढंच आहे. पुढं तिचं कुणी केलं? त्या घरात त्याची बायको होती का? शुभवर्तमानात नाही.

30 मार्च
पाडवा. शेजारून पुरणपोळी आली. आत्याबाईंनी अर्धी खाल्ली.

5 एप्रिल
पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. केडगाव आपल्याच जिल्ह्यातलं, तरी तिथलं त्यांचं मुक्ती मिशन एकदाच पाहिलं. 1921 मध्ये मनोरमा गेली, एकुलती लेक. बाईंनी बायबलाचं भाषांतर सोडलं नाही. पुढच्या वर्षी त्या गेल्या. बायबल बाहेर आलं 1924 ला.
लेक गेल्यावर पहिल्या सकाळी त्या कामाला कशा बसल्या असतील?

9 एप्रिल
पिंपरीच्या जाऊबाईंचा फोन. "जमीन तुमच्याकडं, तर आत्याबाई पण तुमच्याकडंच." मला कुणी विचारलंच कुठं होतं? दवाखान्यातून गाडी थेट आमच्या दारात आली.
रात्री पाणी द्यायला उठले तेव्हाही अंगात राग.

11 एप्रिल
रात्री आत्याबाईंना मार्काचा पंधरावा अध्याय वाचून दाखवला. शिमोन कुरेनेकर रानातून येत होता. शिपायांनी धरला, क्रूस वाहायला लावला. आत्याबाईंनी चांगला हात वर केला. थांब.
"वेठ," म्हणाल्या.
मग तुटक तुटक सांगत राहिल्या. त्यांचे सासरे असेच रानातून येताना धरले जायचे. साहेबाचं गाठोडं डोक्यावर, इंदापूरपर्यंत पायी. नाही म्हणायची सोय नव्हती. पुढं बारामतीला ऑस्ट्रेलियन मिशनच्या माणसांकडून त्यांनी हीच गोष्ट ऐकली. घरी येऊन म्हणाले, "ह्यो शिमोन आपल्यातला."
झोप नाही. आपखुशीनं उचलतो तोच क्रूस, हे मी महिनाभर घोकत होते. शिमोनानं कुठं आपखुशीनं उचलला? दमून घरी निघालेला माणूस. तरी मार्क त्याच्या पोरांची नावं देतो, आलेक्सांद्र आणि रूफ. वाचणारे त्या पोरांना ओळखत असणार. म्हणजे शिमोन त्या दिवशी घरी जाऊन काहीतरी बोलला. काय बोलला असेल?

13 एप्रिल
झावळ्यांचा रविवार. एक झावळी आत्याबाईंना आणली. दिवसभर हातात.

14 एप्रिल
जयंती. मिरवणूक दारावरून गेली. आत्याबाईंना खुर्चीत बसवून उंबऱ्याशी आणलं. त्यांनी हात जोडले.
आजेसासऱ्यांची वेठ महार वतनातली. त्या वतनाचं बिल बाबासाहेबांनी 1928 ला कौन्सिलात मांडलं. वतनं मोडणारा कायदा 1958 चा, ते गेल्यावर. आम्ही ख्रिस्ती, म्हणून 1950 च्या आदेशानं अनुसूचित जातीत नाही. आजेसासऱ्यांच्या डोक्यावरचं गाठोडं मात्र भावकीतल्या सगळ्यांसारखंच होतं. हे मला खुपतं. पुतण्याचा फॉर्म भरताना जास्त खुपलं. धर्माच्या रकान्यात त्यानं ख्रिस्ती लिहिलं, न विचारता.

17 एप्रिल
भाषणाचा कागद फाडला.

18 एप्रिल, गुड फ्रायडे
बारा ते तीन. पंखे गरम वारा फेकत होते. आत्याबाईंपाशी हे थांबले, रजा टाकून.
शिष्याच्या घरावर बोलले. आईला घरी नेलं त्या संध्याकाळी तिला जेवायला कुणी वाढलं, तिथून सुरुवात केली. मग शिमोन. वेठीला धरलेला माणूसही क्रुसाच्या इतक्या जवळ चालतो, की त्याच्या खांद्याला येशूचं रक्त लागतं. आजेसासऱ्यांचं सांगताना आवाज बसला. वेळ संपली तरी पाळकसाहेबांनी थांबवलं नाही.
खाली उतरले तर मागच्या बाकावर जाऊबाई. "सलाम," म्हणाल्या. माझ्याबरोबर एसटीत बसल्या.

19 एप्रिल
जाऊबाई इथंच. आत्याबाईंची वेणी घातली. जमिनीचं कुणी काढलं नाही. निघालं असतं तर आज मी भांडले असते.

20 एप्रिल, ईस्टर
पहाटेच्या उपासनेला गेले, आत्याबाई पडल्यापासून पहिल्यांदा. परत आले तर जाऊबाई वही घेऊन बसलेल्या. गोळ्या कुठल्या, कधी? कूस किती वेळानं बदलायची? दोन तासांनी, सांगितलं. रात्री पण? रात्री पण. लिहून घेतलं. मेमध्ये महिनाभर नेते म्हणाल्या.
आत्याबाईंना अजून विचारायचंय.