एका घरांतील दोन देव्हारे

मिसिसिपी नदी समुद्रास मिळण्यापूर्वी जेथें चंद्रकोरीसारखें वळण घेते, तेथें न्यू ऑर्लिन्स हें शहर वसलेलें आहे. इ. स. १७१८ मध्यें फ्रेंचांनीं तें वसविलें, पुढें तें स्पेनच्या अमलाखालीं गेलें, आणि १८०३ मध्यें लुइझियाना प्रांताबरोबर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं तें विकत घेतलें. या तिन्ही राजवटींच्या खुणा तेथील गल्लीबोळांतून अजून दिसतात. चौथी खूण आफ्रिकेची. ती पाहण्यासाठींच आम्हीं गेल्या शरदांत तेथें बारा दिवस मुक्काम केला.

अमेरिकेंतील गुलामगिरीची हकीकत मराठी वाचकांस नवी नाहीं. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८७३ मध्यें आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक, तेथील गुलामांस दास्यांतून सोडविणाऱ्या सज्जनांस अर्पण केलें होतें. दास्य गेलें हें खरें. परंतु त्या माणसांनीं समुद्रापलीकडून केवळ मनांत बाळगून आणलेले देव कोठें गेले, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. आम्हांस तो एका घरांत, जेवणाच्या टेबलापाशीं भेटला. तो नीट समजावा म्हणून आधीं शहरांतील दोन-चार स्थळें वाचकांनीं आमच्याबरोबर पाहावींत.

जुन्या फ्रेंच वस्तींत हिंडतांना प्रवाशाची पहिली गांठ पडते ती बाहुल्यांशीं. दुकानांच्या कांचेआड टांचण्या टोंचलेल्या कापडी बाहुल्या, कवट्या आणि मेणबत्त्या मांडलेल्या असतात. वर 'वूडू' अशी पाटी असते. १९१५ पासून १९३४ पर्यंत अमेरिकेची फौज हैती बेटावर ठाण मांडून होती. त्या काळांत हैतीविषयीं भडक पुस्तकें निघालीं, १९३२ मध्यें 'व्हाइट झोंबी' हा बोलपट आला, आणि एका धर्माचें नांव चेटकाचें नांव होऊन बसलें. वास्तविक पश्चिम आफ्रिकेंतील फोन लोकांच्या भाषेंत या शब्दाच्या मूळ रूपाचा अर्थ देवता किंवा अदृश्य शक्ति एवढाच आहे. परमेश्वर दूर आहे. त्याच्या आणि माणसांच्या मधें नाना देवता आहेत. पूर्वज मेले तरी घराचें बरेंवाईट पाहात असतात. आणि ढोलाच्या हांकेस देवता भक्ताच्या अंगांत येते, अशी त्या धर्माची श्रद्धा. बाहुली हें त्याचें सार नव्हे.

फ्रेंच वस्तीच्या पाठीमागें ट्रेमे नांवाची जुनी वस्ती लागते. तेथें लुई आर्मस्ट्राँग या विख्यात वादकाच्या नांवाचें उद्यान आहे आणि उद्यानाच्या एका अंगास दगडी फरसबंदीचा कॉंगो चौक आहे. फ्रेंच राजाच्या १७२४ च्या कायद्यानें लुइझियानांतील गुलामांस रोमन कॅथॉलिक बाप्तिस्मा सक्तीचा केला आणि इतर कोणत्याहि धर्माचें जाहीर आचरण मना केलें. पण त्याच कायद्यानें रविवारीं काम घेण्यास बंदी केली. धर्म हिरावून घेणाऱ्या हातानेंच नकळत त्या धर्मास आठवड्याचा एक दिवस दिला! त्या दिवशीं गुलाम येथें जमत, भाजीपाला विकत, आणि ढोलाभोंवतीं रिंगण धरून नाचत. १८१७ मध्यें शहराच्या ठरावानें अशा मेळाव्यांस ठराविक जागेचें बंधन घातलें. १८१९ मध्यें बेंजामिन लॅट्रोब हा नामांकित वास्तुविशारद येथें आला, तेव्हां त्याला पांच-सहाशें माणसें जमलेलीं दिसलीं. त्याला तो सारा प्रकार रानटी वाटला. परंतु त्यानें आपल्या टिपणवहींत काढून ठेवलेलीं वाद्यांचीं चित्रें आज अमोल ठरलीं आहेत. पुढें या जागेस गुलामगिरीच्या पक्षानें लढलेल्या बोरेगार्ड सेनापतीचें नांव देण्यांत आलें. तें जाऊन जुनें नांव अधिकृतपणें परत येण्यास २०११ साल उजाडावें लागलें. आजहि रविवारीं दुपारीं कांहीं मंडळी ढोल घेऊन तेथें बसतात.

या शहरांतील वूडू-परंपरेंत सर्वांत प्रसिद्ध नांव मारी लाव्हो हिचें. ही स्वतंत्र, म्हणजे कोणाच्याहि मालकीची नसलेली, कृष्णवर्णीय स्त्री १८०१ मध्यें जन्मली आणि १८८१ मध्यें वारली. तिच्या बालपणीं, १८०९ च्या सुमारास, हैतींतील क्रांतीमुळें परागंदा झालेले हजारों लोक क्यूबामार्गें येथें आले. त्यांच्याबरोबर तेथील देवताहि आल्या. मारी लाव्होकडे लोक गाऱ्हाणीं घेऊन येत. आणि तीच मारी लाव्हो सेंट लुई कॅथीड्रलमधील उपासनेसहि जाई. तत्कालीन भक्तांस यांत विसंगति वाटत नसे. आफ्रिकेचा लेग्बा हा दारांचा व वाटांचा राखणदार. ख्रिस्ती संतांपैकीं पीटरच्या हातीं स्वर्गाच्या किल्ल्या. एकाच्या तसबिरीपुढें उभें राहून दुसऱ्यास हांक मारणें त्यांस अवघड गेलें नाहीं. मारी लाव्होचें म्हणून जें थडगें दाखवितात, त्यावर नवस करणारे तीन फुल्या काढीत. २०१३ च्या अखेरीस कोणीं तें चक्क गुलाबी रंगविलें. तेव्हां २०१५ पासून त्या दफनभूमींत परवानाधारक वाटाड्यावांचून प्रवाशांस प्रवेश बंद झाला.

ट्रेमेमध्येंच सेंट ऑगस्टिन हें कॅथॉलिक चर्च आहे. तें १८४२ मध्यें उघडलें. त्या काळीं चर्चमधील बांकें पैसे भरून घ्यावीं लागत. गोरे आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय यांच्यांत बांकांसाठीं चढाओढ लागली, आणि कृष्णवर्णीयांनीं बाजूचीं बांकें घेऊन तीं गुलामांस बसण्यासाठीं दिलीं, असें तेथील मंडळी अभिमानानें सांगतात. चर्चच्या भिंतीबाहेर अज्ञात गुलामाचें स्मारक आहे. जाड साखळदंडांचा एक भला मोठा क्रूस कललेला आहे आणि त्याला बेड्या लटकविलेल्या आहेत. २००४ मध्यें तो तेथें उभारला. ज्या धर्माच्या नांवानें बाप्तिस्मा लादला, त्याच धर्माचें चिन्ह बेड्यांचें करून तेथील लोकांनीं आपल्या निनांवी पूर्वजांच्या स्मरणार्थ ठेवलें, हें पाहून मन कांहीं काळ स्तब्ध होतें.

आतां त्या घराकडे वळूं. आमचा भाचा तेथील एका महाविद्यालयांत शिकतो. त्याच्या ओळखीनें ट्रेमेंतील एका कृष्णवर्णीय कुटुंबांत आमची उतरण्याची सोय झाली होती. घरांत सत्तरीच्या यजमानीणबाई आणि त्यांची चाळिशीची कन्या अशा दोघीच. बाई निवृत्त शिक्षिका, बाप्टिस्ट पंथाच्या. त्यांची आई मात्र कॅथॉलिक होती, आणि सेंट ऑगस्टिनच्या बांकावर जन्मभर बसली होती. कन्येनें चर्च सोडून आफ्रिकेच्या योरुबा लोकांच्या ओरिशा देवतांची दीक्षा घेतलेली. तीन पिढ्या आणि तीन मार्ग! माडीवर कन्येच्या खोलींत पांढऱ्या कापडावर पाण्याचे पेले, फुलें व पूर्वजांचीं छायाचित्रें मांडलेलीं होतीं. खालीं बैठकीच्या खोलींत बाईंचा बायबलाचा कोनाडा होता.

त्या दोघींत वैर नव्हतें, पण एक बंद दार होतें. कन्येच्या खोलींत बाई पाऊल टाकीत नसत. एके रात्रीं जेवणानंतर त्या आम्हांस म्हणाल्या, "माझ्या लोकांच्या मालकीचें या देशांत काय होतें? जमीन नव्हती, घर नव्हतें, पोटचें पोर देखील मालकाचें. आमचें असें पहिलें घर म्हणजे चर्च. तें आम्हीं पै पै करून बांधलें, आणि हिनें सोडलें."

बाईंचें म्हणणें इतिहासास धरून होतें. फिलाडेल्फिया शहरांत रिचर्ड ॲलन व त्यांचे सोबती यांनीं, प्रार्थनेंत गुडघे टेकले असतां आपल्या माणसांस उठविल्याचा अपमान सहन न होऊन गोऱ्यांचें चर्च सोडलें. १७९४ मध्यें बेथेल चर्च उघडलें आणि १८१६ मध्यें आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल हा स्वतंत्र पंथ स्थापिला. शाळा, परस्पर साहाय्याची फंड-पेटी, पुढें नागरी हक्कांचे लढे, या सर्वांस आसरा मिळाला तो चर्चच्या छपराखालीं. पण त्या घराच्या उंबरठ्यावर ढोलास मज्जाव होता. याच पंथाचे बिशप डॅनियल पेन यांनीं १८८८ च्या आत्मचरित्रांत, प्रार्थनेनंतर रिंगण धरून, पाय घांशीत, टाळ्या वाजवीत फिरणाऱ्या आपल्याच भाविकांस आपण कसें थांबविलें, तें लिहिलें आहे. त्यांस तें अज्ञान वाटे. भाविकांस मात्र रिंगणावांचून पापी माणूस पालटणार नाहीं असें वाटे. आज पेन यांस कठोर म्हणणें सोपें आहे. परंतु ज्यांची चार्ल्स्टन येथील शाळा, गुलामांस शिकविण्याविरुद्धच्या कायद्यामुळें १८३५ मध्यें बंद पडली, त्यांस आपल्या समाजाला कोणीं रानटी म्हणावें याचें भय किती असेल? गोऱ्यांच्या डोळ्यांत माणूस ठरण्यासाठीं जें टाकावें लागलें, तें टाकतांना त्यांनीं मागें पाहिलें नाहीं.

कन्येची बाजूहि दुबळी नव्हती. तिनें सांगितलें कीं, १८०७ मध्यें ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठीं लंडनमध्यें एक निराळें बायबल छापलें होतें, आणि त्यांतून मोशेनें आपल्या लोकांस दास्यांतून बाहेर काढल्याची कथाच गाळली होती. "ज्यांनीं देवाच्या ग्रंथालाहि कात्री लावली, त्यांनीं माझ्या पणजीच्या देवांना सैतान म्हटलें. तें मी कां मानूं?"

बाई शांतपणें म्हणाल्या, "कात्री लावली, तरी मोशे आम्हांपर्यंत आलाच ना? वाचतां येत नव्हतें, म्हणून ऐकून पाठ केला. तो मालकानें नाहीं दिला, आम्हीं घेतला."

यावर कन्या गप्प राहिली. आम्हांसहि वाटलें कीं, दोघींचा अभिमान एकच आहे.

ओरिशांकडे वळणारी ही कन्या एकटी नव्हे. डेट्रॉइटमध्यें जन्मलेले वॉल्टर किंग यांनीं १९५९ मध्यें क्यूबांतील मातान्सास येथें दीक्षा घेतली, ओसेइजेमान अदेफुन्मी हें नांव धारण केलें, आणि १९७० मध्यें साउथ कॅरोलायनांत ओयोतुंजी नांवाचें गांव योरुबा पद्धतीनें वसविलें. त्याच्याहि आधीं, बाप्टिस्ट धर्मोपदेशकाची मुलगी असलेल्या झोरा नील हर्स्टन या लेखिकेनें न्यू ऑर्लिन्समध्यें येऊन येथील मंत्रतंत्र जाणणाऱ्यांकडे शिष्यत्व पत्करलें आणि १९३५ मध्यें 'म्यूल्स अँड मेन' या ग्रंथांत तो अनुभव लिहिला. असें असलें तरी बहुसंख्य समाज ख्रिस्तीच आहे. प्यू संशोधन-केंद्राच्या २०२१ च्या पाहणींत सुमारें दोन-तृतीयांश कृष्णवर्णीय अमेरिकनांनीं आपण प्रोटेस्टंट असल्याचें सांगितलें. पण त्याच पाहणींत दहांपैकीं सुमारें तिघांनीं पूर्वजांची प्रार्थना आपलें रक्षण करूं शकते असा आपला विश्वास असल्याचें कबूल केलें. म्हणजे दार दिसतें तितकें बंद नाहीं.

रविवारीं आम्ही बाईंबरोबर त्यांच्या चर्चमध्यें गेलों. प्रवचन सुरू झालें तें संथ; मग प्रत्येक वाक्यास बांकांवरून प्रत्युत्तर येऊं लागलें, ऑर्गनचा सूर चढला, टाळ्यांचा ठेका धरला गेला. इतक्यांत एक प्रौढ बाई उभ्या राहून थरथर कांपूं लागल्या. शुभ्र वस्त्रें व हातमोजे घातलेल्या दोन स्वयंसेविका धांवल्या; एकीनें त्यांस सावरलें, दुसरी पंख्यानें वारा घालूं लागली. आपल्याकडे यास अंगांत येणें म्हणतील. यजमानीणबाईंनीं आम्हांस हळूच सांगितलें, "पवित्र आत्मा." घरीं कन्येनें विचारलें, "ढोल तेवढा नव्हता, होय ना?"

याच प्रश्नावर विद्वानांचा मोठा वाद झालेला आहे. मेल्व्हिल हर्सकोव्हिट्स यांनीं १९४१ च्या ग्रंथांत आफ्रिकेचे संस्कार अमेरिकेंतहि टिकल्याचें प्रतिपादिलें. कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझियर यांचें मत, गुलामगिरीनें तें सर्व नष्ट केलें, असें होतें. बाहेरच्यास ही केवळ पंडिती चर्चा वाटेल. पण आफ्रिका उरली म्हटलें कीं, 'हे लोक परकेच' असें म्हणणाऱ्याच्या हातीं कोलीत मिळतें. आणि उरली नाहीं म्हटलें, तर मागें वळून पाहावयास कांहींच राहात नाहीं. त्या घरांत हाच पेंच माडीवर आणि तळमजल्यावर राहात होता.

१ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस. त्या दिवशीं येथील लोक कुटुंबाचीं थडगीं झाडून, धुऊन, फुलांनीं सजवितात. जमीन ओलसर, म्हणून थडगीं जमिनीच्या वर बांधलेलीं. कन्येची इच्छा होती कीं, आजीच्या थडग्यापाशीं पूर्वजांचीं नांवें घेऊन पाणी सोडावें. गतवर्षीं याच गोष्टीवरून शब्दास शब्द लागून दोघी निरनिराळ्या वेळीं गेल्या होत्या. यंदा बाई आमच्यादेखत एवढेंच म्हणाल्या, "तुझ्या देवांचीं नांवें तेथें नकोत. ती कॅथॉलिक होती. तिचें नांव घे."

दोघींनीं मिळून थडगें धुतलें. मग कन्येनें तांब्यासारख्या एका भांड्यांतून थोडें थोडें पाणी जमिनीवर सोडीत नांवें उच्चारलीं: आजी, तिची आई, तिची आई. त्याच्या पलीकडचें नांव तिला ठाऊक नव्हतें. कारण मालकांच्या हिशेबवह्यांत तिच्या पूर्वजांची नोंद केवळ वय आणि किंमत यांनींच झालेली होती. ती थांबली. तेव्हां, इतका वेळ हातांत बायबल धरून बाजूस उभ्या असलेल्या बाईंनीं एक नांव सांगितलें. तें त्यांच्या आईनें त्यांना लहानपणीं सांगितलें होतें आणि तें कोणत्याहि कागदावर नव्हतें. मुलीनें तें दोनदां विचारून घेतलें आणि पाणी सोडलें.

बाईंनीं त्यानंतरहि माडीवर पाऊल टाकलें नाहीं, आणि मुलगी चर्चला गेली नाहीं. धर्मांतील अंतर एका सकाळीं मिटत नसतें, आणि तें मिटावेंच असें सांगण्याचा पाहुण्यांस अधिकार नाहीं. परंतु ज्या नांवावर मुलीनें पाणी सोडलें, तें आजवर जपून ठेवलें होतें तें ढोलास मज्जाव करणाऱ्या त्या बाप्टिस्ट आईनेंच, हें मात्र आम्हीं आमच्या कानांनीं ऐकलें.