मनातलं, बेतातलं, पदरातलं

मैत्रिणींनो, मुलांच्या अभ्यासातलं आता आपल्याला काही कळत नाही, असं म्हणून आपण सहज मोकळ्या होतो. ते गणित, ते फिजिक्स खरंच आपल्या हाताबाहेरचं असतं. पण परीक्षा झाल्यावर जो फॉर्म भरायचा असतो – कुठली कॉलेजं, कुठली शाखा, कुठल्या क्रमानं – ते काम मात्र अगदी आपलं आहे. महिन्याच्या पगारात वाणसामान, दूध, फी, आला-गेला आणि अडीअडचण बसवणारी बाई रोज जे करते, तेच तिथे करायचं असतं. हवं ते, जमेल ते आणि नडीला उपयोगी पडेल ते, या तिन्हींचा मेळ घालायचा.

मी इंजिनिअरिंगचंच उदाहरण घेते, कारण २०२५ साली आमच्या लेकीच्या निमित्तानं तेच मी जवळून पाहिलं. आम्ही बार्शीचे. कॉलेज निवडण्याची सवय आमच्या पिढीला नाही. जे जवळ असेल आणि घरचे ‘हो’ म्हणतील, ते आमचं कॉलेज! आताच्या मुलांपुढे मात्र साऱ्या महाराष्ट्रातली कॉलेजं एकाच यादीत उभी असतात आणि हा घोळ निस्तरायला मिळतात जेमतेम तीन-चार दिवस.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो आणि ९३ पर्सेंटाइल म्हणजे ९३ मार्क नव्हेत. परीक्षेला बसलेल्या दर १०० मुलांपैकी ९३ जण तुमच्या मुलाच्या बरोबरीचे किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. समजा ३ लाख मुलं बसली, तर एका पर्सेंटाइलच्या पोटात ३ हजार मुलं आली. म्हणून ‘एका पर्सेंटाइलनं काय होतंय?’ असं म्हणून चालत नाही. गुणवत्ता यादीत आपला नंबर कितवा, ते पाहावं. खरी रांग तीच.

आता ही रांग पुढे कशी सरकते ते सांगते, कारण घरोघरी गैरसमज आहे तो इथेच. आमच्या जाऊबाई म्हणाल्या, “वर फार मोठी नावं टाकू नका हो, नाहीतर खालचं मिळणारं कॉलेजही हातचं जायचं.” पुष्कळांना असंच वाटतं.

असं समजा, भिशीतल्या आपण वीसजणी साड्या घ्यायला गेलो. दुकानदारानं सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि प्रत्येकीकडून आवडीची यादी लिहून घेतली. पहिल्या आठजणींची निवड झाली, नववी पुढे आली. तिच्या यादीत पहिली होती पैठणी. ती संपलेली. मग दुसरी नारायणपेठ आहे का पाहिलं, ती होती, तिला दिली. दहावीनं नारायणपेठच पहिली लिहिली होती. पण ती रांगेत मागे, तिची पाळी नववीच्या नंतरच. आता तुम्हीच सांगा, नववीनं पैठणी वर लिहिली म्हणून तिचं काही नुकसान झालं का? अजिबात नाही! प्रवेशाचा संगणक हेच करतो. म्हणून यादी मनापासूनच्या आवडीच्या क्रमानं लावावी, ‘मिळेल-न मिळेल’च्या क्रमानं लावू नये.

पण यात एक मेख आहे. पहिल्या फेरीत अगदी पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं, तर ते घ्यावंच लागतं. पुढच्या फेऱ्या बंद. २०२५ साली चार फेऱ्या होत्या. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन नावांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादं मिळालं, तरी तोच नियम होता. नियम वर्षागणिक बदलतात, तेव्हा आपल्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. आमच्या ओळखीच्या एका घरात वडिलांनी ‘लांब नको’ म्हणून जवळचं कॉलेज एक नंबरला टाकलं. मुलीचा नंबर चांगला वरचा होता. पहिल्याच फेरीत तेच मिळालं आणि दार बंद झालं. पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. तिला विचारलंच नव्हतं कुणी.

उलट तऱ्हाही पाहिली. शेजारच्या मुलानं मोठी-मोठी दहाच नावं भरली. “मिळालं तर हेच, नाहीतर काही नको.” ऐकायला बाणेदार वाटतं हो! एकामागून एक फेऱ्या गेल्या, त्याच्या नावापुढे काहीच लागलं नाही. शेवटी घाईघाईनं, जास्त पैसे मोजून, जिथे जागा उरली होती तिथे जावं लागलं. आई बिचारी चार महिने बांगड्या सोडवण्याच्या विवंचनेत होती.

म्हणून मी आपली साधी रीत सांगते. यादीचे तीन ढीग करावेत : मनातलं, बेतातलं आणि पदरातलं.

मनातलं म्हणजे जिथे मिळणं कठीण, पण मिळालं तर सोन्याहून पिवळं. पुण्याचं १८५४ सालचं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज, म्हणजे आताचं सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ, किंवा मुंबईचं १८८७ सालचं व्हीजेटीआय. तिथे कॉम्प्युटरला जायचं तर ९९च्या पुढचं पर्सेंटाइल लागतं. बेतातलं म्हणजे गेल्या दोन-तीन वर्षांचा कट-ऑफ आपल्या नंबरच्या थोडा पुढे-मागे आहे ते. आणि पदरातलं म्हणजे जिथे दरवर्षी आपल्या कितीतरी मागच्या नंबरापर्यंत जागा गेल्या आहेत, ते. वीस नावं असतील तर पाच-सहा मनातली, आठ-नऊ बेतातली आणि निदान पाच पदरातली असावीत. आणखी नावं टाकायला हरकत नसते. प्रमाण मात्र राखावं.

कट-ऑफची यादी बघायचीही एक नजर असते. त्यात प्रत्येक प्रवर्गाचा वेगळा रकाना असतो. ‘जी’नं सुरू होणारा सर्वसाधारण आणि ‘एल’नं सुरू होणारा मुलींचा. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात आणि पुष्कळ ठिकाणी ‘एल’चा आकडा थोडा खाली उतरतो. आमचे हे ‘जी’चाच रकाना बघून “हे नाही मिळायचं” म्हणून एकेक नाव खोडत चालले होते. लेकीनं बोट ठेवून दाखवलं, तेव्हा कुठे थांबले! शिवाय नागपूरचं व्हीएनआयटी यांसारखी केंद्राची कॉलेजं या रांगेत नसतातच. त्यांची खिडकी वेगळी. जेईई मेनच्या गुणांवर जोसातर्फे तिथले प्रवेश होतात.

इथपर्यंत सगळं आकड्यांचं झालं. खरी कुरबुर होते ती तिसऱ्या ढिगावर.

आमच्या लेकीला इलेक्ट्रिकल हवं होतं. घरातला मिक्सर बंद पडला की ही स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मांडी घालून बसणार. पण ह्यांच्या डोक्यात एकच : सोलापूरच्या पलीकडे पाठवायचं नाही. “पदरातली पाचही नावं जवळची टाक,” म्हणाले, “आणि खरं सांगू का, बेतातलीही.” लेक म्हणाली, “बाबा, मग यादी कशाला करायची? तुम्हीच एक नाव लिहा.” झालं! रात्री कुणी कुणाशी बोलेना. सासूबाई तेवढ्या माजघरातून म्हणाल्या, “पोरीला शिकवायची की नुसती जवळ ठेवायची, ते एकदा ठरवा बाई.”

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर मी वही घेऊन बसले आणि दोघांना समोर बसवलं. प्रत्येक नावापुढे दोनच प्रश्न. लेकीला : “बाकी काही मिळालं नाही, फक्त हेच मिळालं, तर आनंदानं जाशील का?” आणि ह्यांना : “फक्त हेच मिळालं, तर पाठवाल का?” दोघांचं ‘हो’ आलं तरच नाव यादीत. एकाचंही ‘नाही’ आलं तर खोडायचं, पण कारण सांगायचं. ‘मला नाही आवडत’ हे कारण चालणार नाही, आणि ‘लोक काय म्हणतील’ हेही नाही.

त्या एका तासात जे बोलणं झालं, ते आमच्या घरात दोन वर्षांत झालं नव्हतं. मुंबईची नावं लेकीनं आपणहून खोडली. तिथला राहण्याचा खर्च मांडल्यावर तीच म्हणाली, “एवढं नको.” जवळच्या दोन कॉलेजांत तिला हवी ती शाखाच नव्हती, ती दोन ह्यांनी सोडली. राहिलं कराड. कराडचं सरकारी कॉलेज १९६० सालचं, शाखा मनाजोगती, फी बेताची. पण लांब! ह्यांचं ‘हो’ काही निघेना. मी म्हटलं, “न बघता नाही म्हणायचं नाही, असं आपलं ठरलंय.”

तर बापलेक एस.टी.नं कराडला जाऊन आले. स्टँडपासून कॉलेज किती, मुलींचं वसतिगृह कुठे, पाणी येतं का, मेसचं जेवण कसं, संध्याकाळी मुली किती वाजेपर्यंत बाहेर दिसतात, सगळं ह्यांनी विचारलं. परतल्यावर चप्पल काढता काढता एवढंच म्हणाले, “बीड जिल्ह्यातल्या मुली आहेत तिथे. त्यांच्या बापांचं काळीज माझ्यापेक्षा मोठं आहे असं नाही.” आणि कराड यादीत पाचव्या नंबरला बसलं.

पहिल्या फेरीत तिला अकरावं नाव मिळालं, पदरातलं. ते आम्ही सोडलं नाही, राखून ठेवून पुढच्या फेरीची वाट पाहिली. असं करता येतं. वरचं मिळालं की खालचं आपोआप सुटतं. तिसऱ्या फेरीत कराड लागलं. पण मैत्रिणींनो, मधल्या त्या दिवसांत घरात सगळे शांत झोपले, ते त्या अकराव्या नावामुळे. ते नुसतं भरतीचं म्हणून टाकलेलं नव्हतं. तिथेही लेक हसत गेली असती.

पैशाचं बोलते, कारण ते आपल्यालाच बघावं लागतं. ट्यूशन फी माफीच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या काही जागा जवळजवळ प्रत्येक कॉलेजात असतात. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर त्या मागता येतात. पण त्यांचा सांकेतिक क्रमांक वेगळा असतो, तो यादीत वेगळा भरावा लागतो. आपोआप मिळत नाही. दुसरं, २०२४-२५ पासून राज्य सरकारनं ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. ही सवलत सरकारी प्रवेश प्रक्रियेतून गेलेल्या मुलींनाच मिळते, मॅनेजमेंट कोट्यातून गेलेल्यांना नाही. नाइलाजानं बाहेरून जागा घ्यावी लागली तर फीचा भार केवढा वाढतो, ते यावरून लक्षात येईल. पदरातला ढीग भक्कम हवा तो याचसाठी.

कागदपत्रं मात्र निकालाची वाट न बघता हिवाळ्यातच जमवायला घ्या : डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल त्याप्रमाणे नॉन-क्रीमी लेअर किंवा ईडब्ल्यूएस, जातवैधता. जून-जुलैत सेवा केंद्रावर जी झुंबड उडते, तिथे दाखल्यासाठी रडकुंडीला आलेल्या आया मी पाहिल्या आहेत. फॉर्म कॅफेत भरलात तरी पासवर्ड आणि मोबाइलवर येणारा ओटीपी आपल्याजवळच ठेवा, यादी पक्की करण्याआधी कागदावरच्या यादीशी एकेक ओळ ताडून बघा आणि छापील प्रत घरी आणा.

आणि एक. यादीतलं वरचं नाव मुलं स्वतः लिहितात. त्याला आपली गरज नसते. खालची नावं घाईत, कंटाळून, कुणाचं तरी ऐकून भरली जातात. पुष्कळ मुलं शेवटी जातात ती त्याच खालच्या-मधल्या नावांपैकी कुठेतरी, आणि चार वर्षं तिथेच काढतात. तेव्हा वरच्या नावाचं कौतुक शेजारीपाजारी करतील. तुम्ही खालच्या पाच नावांशी बसा. तिथली शाखा, तिथलं वसतिगृह, तिथली फी, तिथे जाणारी एस.टी. – सगळं विचारून घ्या. आणि विचारताना मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवायला विसरू नका.