इजाजत

आमचा थोरला अग्निवीर भरतीत निवडला गेला, तेव्हा त्याला अठरा पूर्ण व्हायला तीन महिने बाकी होते. मुलगा अठराच्या आतला असला की भरतीच्या फॉर्मवर आई-बापाची सही लागते. इतर घरांत परवानगी तोंडी देऊन भागतं, रागाच्या भरात 'जा' म्हटलेलंही चालतं. आम्हाला ती कागदावर द्यावी लागली. तो कागद तीन दिवस कपाटावर पडून होता. चौथ्या दिवशी असरच्या नमाजनंतर सही झाली. कागदाच्या हिशेबानं इजाजत त्या दिवशी एकदाच दिली गेली. आम्ही मात्र ती तेव्हापासून रोज देतो आहोत.

हे आम्ही दोघं मिळून लिहीत आहोत. एकीनं सांगितलं, दुसऱ्यानं उतरवलं. कुठलं वाक्य कुणाचं, हे आता आम्हालाही सांगता येणार नाही.

सातारा जिल्ह्यात फौजेचं नवल नाही. अपशिंगे गावाला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' असंच म्हणतात. पण आमच्या मोहल्ल्यात हा पहिलाच. इथली मुलं गॅरेजला जातात, फर्निचरच्या कामाला जातात, नशीब असेल तर आखातात जातात. हा फजर पढून माळावर धावायला जायचा. 1600 मीटर साडेपाच मिनिटांच्या आत, हेच दोन वर्षं त्याचं वेड होतं.

सही झाल्याचं कळलं आणि नातेवाईक येऊ लागले. एका मामूंनी हिशेब मांडला. 2022 साली आलेल्या या योजनेत नोकरी चारच वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त 25 टक्के मुलं कायम होतात. पहिल्या वर्षी महिना 30,000, त्यातले 9,000 सेवानिधीत जातात, हातात 21,000. चार वर्षांनी बाहेर पडताना सेवानिधीचे सुमारे 11.71 लाख. "आणि मग?" मामूंनी विचारलं. त्यांचा हिशेब बरोबर होता आणि त्या 'मग'चं उत्तर आमच्याकडे आजही नाही. पण गॅरेजमध्ये आठ-दहा हजारांवर राबणाऱ्या पोराला चार वर्षांनी काय मिळतं, याचं उत्तर तरी कुणाकडे आहे?

खालांचं म्हणणं वेगळं होतं. "आजच्या दिवसांत, आपल्या पोरानं?" एवढंच बोलून त्या गप्प बसल्या. त्या न बोललेल्या भागात काय होतं, ते वाचकांना समजावून सांगायला नको.

पण आम्हाला सर्वांत जड गेलं ते भलं चिंतणाऱ्यांचं बोलणं. "आता तुमच्या घराकडे कुणी बोट दाखवणार नाही," असं एक-दोन शेजाऱ्यांनी प्रेमानं म्हटलं. आम्ही चहा दिला, काही बोललो नाही. आमचं पोर साक्ष द्यायला गेलेलं नाही. त्याला धावायला आवडतं, वर्दी आवडते आणि घरात कमावणारा एकच आहे, हे त्याला दिसतं. शेजारच्या शिंद्यांचा मुलगा ज्या कारणासाठी गेला, त्याच कारणासाठी हाही गेला. शिंद्यांना कुणी असं म्हणाल्याचं आम्ही ऐकलं नाही.

जो येई तो हवालदार अब्दुल हमीद यांचं नाव घेई. घ्यायलाच हवं. सप्टेंबर 1965 मध्ये खेमकरणजवळ असल उत्तर इथे जीपवरच्या तोफेनं त्यांनी पॅटन रणगाडे उडवले, तिथेच शहीद झाले आणि त्यांना परमवीर चक्र मिळालं. पण त्यांच्या पत्नी रसूलन बीबी त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं जगल्या, 2019 साली त्यांचा इंतकाल झाला. ती पन्नास वर्षं कशी गेली असतील, हे कुणी विचारत नाही. आमच्यातली आई त्या रात्री हेच बोलत राहिली.

मशिदीतल्या मौलानांकडे आम्ही दोघंही गेलो. त्यांनी एक हदीस सांगितली. लढाईला जाण्याची परवानगी मागायला आलेल्या एका माणसाला प्रेषितांनी (स.) आधी विचारलं, आई-वडील हयात आहेत का? तो हो म्हणाला, तेव्हा त्याला त्यांची खिदमत करायला परत पाठवलं. म्हणजे आमची इजाजत ही नुसती सरकारी रीत नव्हती. मग मौलाना हजरत याकूब (अ.) यांच्याबद्दल बोलले. एक मुलगा गमावलेला बाप दुसऱ्याला प्रवासाला पाठवतो, तेव्हा भावांकडून वचन घेतो, शहरात एकाच दरवाजानं शिरू नका असं बजावतो आणि मग अल्लाहवर सोपवतो. पुढे रडून रडून त्यांचे डोळे गेले, तरी त्यांच्या सब्रला उणेपणा आला नाही. घरी येताना आमच्यातला बाप म्हणाला, "म्हणजे रडायला हरकत नाही." तोवर तो रडला नव्हता.

कोल्हापूरच्या भरती कार्यालयातून मुलांना रवाना केलं. आमच्या मुलाला तोफखाना मिळाला, म्हणजे नाशिक रोडचं आर्टिलरी सेंटर, साधारण सात महिन्यांचं प्रशिक्षण. काळी ट्रंक, त्यावर पांढऱ्या रंगात नाव, आत जानमाज आणि दादीनं दिलेली छोटी यासीन शरीफ.

पहिले काही आठवडे फोन जमा. मग रविवारी दहा मिनिटं. पहिल्या फोनवर तो म्हणाला, "अम्मी, इथं शिकवणाऱ्यांना उस्ताद म्हणतात." मदरशात कुरआन शिकवणारेही उस्तादच होते. शपथविधीला कसम परेड म्हणतात आणि त्या दिवशी मुलांसमोर धर्मग्रंथ आणतात, त्यांत कुरआनही असतं. तोफखान्याचं ब्रीद आहे 'सर्वत्र इज्जत-ओ-इक्बाल'. हे ऐकून दादीनं ते तीन वेळा म्हणून घेतलं. हवालदार, सुभेदार हे शब्दही आपल्या घरातलेच, पण आपलं पोर तिकडं गेल्याशिवाय ते कानाला असे लागत नाहीत. आमचा जीव थोडा खाली बसला तो या शब्दांनी.

जेवणाचं विचारलं. गोश्ताच्या दिवशी तो अंडी आणि डाळ घेतो, सोबतच्या मुलांना सवय झाली. फजर पीटीच्या आधी होते. जोहर कधी कधी कझा होते, हे त्यानं स्वतःहून सांगितलं. आम्ही ओरडलो नाही. दहा मिनिटांत ओरडायचं किती आणि ऐकायचं किती, हे ठरवावं लागतं. आता शनिवारी रात्री आम्ही कागदावर विषय लिहून ठेवतो. दादीचा मोतीबिंदू, धाकटीची परीक्षा. थकलेलं घरभाडं त्या यादीत घेत नाही.

हजरत मूसा (अ.) यांच्या आईनं बाळाला नदीत सोडलं, तेव्हा तिचं काळीज रिकामं झालं होतं, असं कुरआनात आहे. अल्लाहनं तिला धीर दिला. तरी तिनं मुलीला काठाकाठानं मागे पाठवलंच. भरवसा होता, पण नजर ठेवायचीही होती. आमची धाकटी तेच करते. रविवारी सगळ्यांत आधी फोन तिच्या हातात असतो आणि आमच्याशी न बोललेलं तो तिच्याशी बोलतो. पाय सुजले होते, हे तिच्याकडूनच कळलं.

सकाळी अजूनही लवकर जाग येते. तो धावायला जायच्या वेळी दार वाजायचं, तीच वेळ. कुणीतरी उठून कडी लावलेली आहे का बघतो, मग वुजू करतो. ताटं चारच काढायची, हे हाताला लागायला महिना गेला.

कसम परेडची तारीख अजून यायची आहे. दादीनं पांढरी ओढणी धुऊन ठेवली आहे. आत डबा नेऊ देतात का, एवढंच तिला या रविवारी विचारून घ्यायचंय. नेऊ देत असतील, तर शीरखुर्मा पहाटे करायचा की आदल्या रात्री, यावर घरात वाद चालू आहे.