तिची सही नव्हती

जर्मन कवी गटे यांच्या ‘फाउस्ट’ या शोकांतिकेचा पहिला भाग १८०८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्ञानाने तृप्त न झालेला विद्वान त्यात सैतानाशी आत्म्याचा सौदा करतो. अमेरिकेतील ‘कॅमलॉट’ या संगीतसमूहाने याच कथेच्या आधारे ‘एपिका’ (२००३) व ‘द ब्लॅक हेलो’ (२००५) हे दोन अल्बम रचले. पॉवर मेटल म्हणजे गिटार आणि ड्रमचा प्रचंड गजर. वाशीमच्या एखाद्या पेढीवर तो लागला, तर वडीलधारे कानांवर हात ठेवतील. परंतु त्या गजराखालची कथा व्यापाऱ्यास परकी नाही. सौदा एरियल करतो; नदीत जीव देते ती हेलेना, पोटातील बाळासह. करारावर तिची सही कोठेच नव्हती.

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तही (१९१९) निराळे काय घडते? प्याला सुधाकर उचलतो, दळण सिंधू दळते, आणि तान्हे मूल प्राणास मुकते. हे नाटक रंगमंचावर येण्यापूर्वीच गडकरी आपल्या विदर्भात, सावनेर येथे निवर्तले; त्याची पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली.

वायद्याच्या सट्ट्यात पोळलेल्या घरांतही कपाटातून प्रथम निघतात ते गृहिणीचे दागिने. सौद्याची वार्ता तिला बहुधा त्याच दिवशी कळते.