रामाचा दिवस, कृष्णाची रात्र

चि. मनू,


तुझ्या घरी येणारी माणसं भिंतीवरच्या त्या गोल चित्रांबद्दल विचारतात आणि ‘कोकणातली कला’ यापलीकडे तुला काही सांगता येत नाही, असं लिहिलंस. चौकट सुरेखच केली आहेस. तरी माझं ऐक, ती दहा पानं बाहेर काढ आणि डब्यातल्या ११० पानांत मिसळ. तो दशावतारी गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, पूर्ण जोड आहे. खेळायला म्हणूनच मी तो पाठवला.

हा खेळ इराणकडून आपल्याकडे आला. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याचं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. मोगली जोडात आठ रंग आणि ९६ पानं. पुढे आपल्या लोकांनी त्यात विष्णूचे दहा अवतार बसवले. रंग दहा झाले, पानं १२०. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पानं. राजाच्या पानावर तो अवतार स्वतः असतो, बाकीच्या पानांवर त्याची खूण. मत्स्याची सत्ती म्हणजे सात मासे, कूर्माची तिर्री म्हणजे तीन कासवं. परशुरामाच्या पानांवर परशू मोजायचे.

आमच्या सावंतवाडीत हे काम चितारी घराण्यांचं. चितारआळीतल्या लाकडी फळांच्या दुकानांपुढून तू लहानपणी हलायची नाहीस, त्याच लोकांचं. जुन्या रीतीत सुती कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवत, घोटून गुळगुळीत करत, मग रंगकाम आणि शेवटी लाख. इतकी मेहनत घेतलेल्या जोडापुढे छापील पत्ते फारच स्वस्त पडले. १९७०च्या सुमाराला गंजिफा रंगवणारे हात जवळजवळ उरलेच नव्हते. तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी वृद्ध पुंडलिक चितारींना गाठलं, त्यांच्याकडून हे काम समजून घेतलं आणि राजवाड्यातच कारखाना सुरू केला. दरबार हॉलमध्ये चितारी मांडी घालून रंगवत बसतात, आपण शेजारी उभं राहून पाहायचं. राणीसाहेब मूळच्या बडोद्याच्या गायकवाड घराण्यातल्या. इथे येऊन त्यांनी या कामाला आपलं मानलं आणि २०१८ मध्ये जाईपर्यंत सोडलं नाही. त्यांचे उपकार मला फार मोठे वाटतात.

मात्र चित्रं जगली तेवढा खेळ जगला नाही. पर्यटक जोड घेतात, शोकेसमध्ये ठेवतात. मला याची खरंच हळहळ वाटते, कारण ही चित्रं डावातच नीट कळतात.

खेळायला तिघं लागतात. पानं पिसता येत नाहीत. चादरीवर पालथी पसरून दोन्ही हातांनी कालवायची. प्रत्येकाला चाळीस. डाव उजव्या हाताकडे फिरतो. दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडे, त्याने सुरुवात करायची. दिवेलागणीनंतर हा मान कृष्णाच्या राजाकडे जातो. किती देखणा नियम आहे बघ! खिडकीबाहेर पाहिल्याशिवाय डावच सुरू होत नाही. तुमच्याकडे लाइपझिगला हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधारतं, तेव्हा बहुतेक डाव कृष्णाचेच होतील.

राजा-प्रधान सगळीकडे वरचे. त्याखाली मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह आणि वामन या पाच रंगांत दश्शी मोठी, एक्का सर्वांत लहान. पुढच्या पाच रंगांत अगदी उलट, एक्का मोठा. नवखा इथेच फसतो. वरचं पान खेळून गेलं की खालचं आपोआप थोर होतं, म्हणून काय गेलं ते ध्यानात ठेवावं लागतं. चार डाव झाले की रंग बघताच अवतार ओळखू येतो, आणि चिताऱ्याने कुठे कुंचला लाडाने फिरवलाय तेही दिसायला लागतं.

आता तुझ्या गावाकडचं. लाइपझिगहून तासाभरावर आल्टेनबुर्ग आहे. स्काट हा जर्मन पत्त्यांचा खेळ दोनशे वर्षांपूर्वी तिथे तयार झाला. तोही तिघांचाच, ३२ पानांचा. त्यात गुलाम राजाच्या वर जातो! तिथल्या किल्ल्यात पत्त्यांचं संग्रहालय आहे आणि गावात १९०३ सालचं स्काटचं कारंजं, वर चार गुलाम मारामारी करताहेत. खेळणारे नवे पत्ते त्या पाण्यात बुडवून त्यांचं बारसं करतात. तू जा, पण नुसते फोटो काढून परतू नकोस. कुणा आजोबांच्या टेबलाशी बस, स्काट शिकून घे, तिथलं बकरीचं दूध घातलेलं चीज खा. आणि त्यांना आपला डाव शिकव. दहा अवतारांची नावं पाठ असू देत, ते विचारणारच.

फक्त आपली पानं कारंज्यात बुडवू नकोस. हातही कोरडे ठेव. शेंगदाण्याचे लाडू आणि खाजं पाठवतेय. गुळाचं बोट पानांना लागलं तर मऊ सुक्या फडक्याने लगेच पूस. पहिल्या डावात कोण जिंकलं आणि तो रामाचा होता की कृष्णाचा, ते सविस्तर कळव.

तुझी,
मावशी