प्राणवायू सोडवणारे विकर

हिमोग्लोबिन प्राणवायू धरते, एवढे आपण शाळेत शिकतो. त्याने तो सोडायचा कसा, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. पालघर जिल्ह्यातल्या वारली, कोकणा समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे मूळ या सोडण्याशीच गुंतलेले आहे.

या सोडण्यात विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा, हात असतो. माझ्या अभ्यासातल्या विकरांना हिस्टिडिन फॉस्फॅटेज म्हणतात. त्यांचा गोतावळा मोठा आहे, पण रीत एकच: फॉस्फेट आधी विकराच्या गाभ्यातल्या हिस्टिडिन या अमिनो आम्लावर येतो आणि मग पुढे जातो. प्रोस्टेट ग्रंथीतले ॲसिड फॉस्फॅटेज याच कुळातले.

माझा जीव मात्र याच कुळातल्या, तांबड्या पेशीतल्या बायफॉस्फोग्लिसरेट म्युटेजमध्ये अडकतो. ते २,३-बीपीजी नावाचा रेणू घडवते आणि फार सावकाश मोडतेही. हा रेणू हिमोग्लोबिनच्या दोन बीटा साखळ्यांमधल्या पोकळीत बसला की प्राणवायूवरची पकड सैल होते. १९६७ मध्ये राइनहोल्ड आणि रूथ बेनेश यांनी हे दाखवले. उंच डोंगरावर गेलेल्याच्या रक्तात बीपीजी वाढते ते याचसाठी.

सिकलसेलमध्ये हाच उपकार अंगावर येतो. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असते. असे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडल्यावर एकमेकांना चिकटून ताठ धागे बनवते आणि पेशी विळ्यासारखी वाकते. बीपीजी हिमोग्लोबिनला नेमके त्याच रित्या अवस्थेत रोखून धरते, आणि रुग्णाच्या पेशींत ते मुळातच जास्त असते. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढते. त्याच्या गॅमा साखळीत १४३ व्या जागी हिस्टिडिनऐवजी सेरीन असल्याने बीपीजीला तिथे नीट बसता येत नाही. शिवाय ते त्या धाग्यांतही सामील होत नाही. पायरुव्हेट कायनेज या विकराला चालना देऊन बीपीजीच कमी करणाऱ्या मिटापिव्हॅटसारख्या औषधांच्या चाचण्याही झाल्या आहेत. मला या वाटेकडून मोठी आशा आहे.

तोवर पाणी महत्त्वाचे. अंगातले पाणी घटले की पेशीतले हिमोग्लोबिन दाट होते आणि धागे झपाट्याने बनतात. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याची कित्येक कुटुंबे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. भट्टीची धग, उन्हातले कष्ट, हाताशी पाणी नाही; सिकलसेलच्या रुग्णाला याहून वाईट जागा नाही. भट्टीमालकांनी पाणी आणि सावली द्यायलाच हवी. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतल्या कंत्राटी कामगारांनाही हेच लागू आहे.

केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. सिकलसेलचे एकच जनुक असलेली वाहक व्यक्ती सहसा निरोगी असते, म्हणून तपासणी राहून जाते. पण आईवडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्न ठरवण्याआधी आणि भट्टीवर निघण्याआधी सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन सिकलसेलची तपासणी करून घ्या.